माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन : गव्हर्नर होण्याआधीची २२ वर्षं

रुमालदप्तर

एल्फिन्स्टन म्हटलं की आपल्याकडे कॉलेज आठवतं, नाहीतर १८१९ ते १८२७ मधली मुंबईची गव्हर्नरी. पण १७९६ मध्ये तो कलकत्त्याला उतरला तेव्हापासून १८१८ मध्ये पेशवाई संपेपर्यंत त्याचं बरंचसं काम वकिलातीचं होतं. दुसऱ्याच्या दरबाराशेजारी राहायचं, बातमी काढायची, तह लिहायचा, आणि तह मोडला तर त्याची जबाबदारी घ्यायची. पेशवाईच्या शेवटाविषयी बोलताना आपण लढाया मोजतो, पण हा कागदावरचा भाग कोणी नीट मांडत नाही, म्हणून हा धागा.

आधी क्रम देतो. जन्म ६ ऑक्टोबर १७७९, स्कॉटलंडमध्ये डंबार्टनला. बाप लॉर्ड एल्फिन्स्टन, हा चौथा मुलगा, म्हणजे इस्टेटीचा वाटा नाही. चुलता कंपनीचा डायरेक्टर, त्याच्या वशिल्याने कंपनीत लेखनिकाची जागा मिळाली. हिंदुस्थानात आला तेव्हा वय १६.

पहिली नेमणूक काशीला. तिथे १४ जानेवारी १७९९ ला पदच्युत नवाब वजीर अली कंपनीचा एजंट चेरी याच्याकडे न्याहारीला आला, आणि त्याच बैठकीत त्याच्या माणसांनी चेरीला कापलं. मॅजिस्ट्रेट डेव्हिस हातात भाला घेऊन गच्चीच्या जिन्यात उभा राहिला म्हणून वाचला. एल्फिन्स्टन घोड्यावरून निसटला. वकिलातीत माणूस घरी बोलावून मारला जातो हे त्याने विसाव्या वर्षाच्या आत पाहिलं. पुढे १८१५ मध्ये पंढरपूरला गंगाधरशास्त्र्यांचा खून झाला, त्याकडे बघताना हे लक्षात ठेवावं असं मला वाटतं.

१८०१ मध्ये त्याला पुण्याला रेसिडेंटचा असिस्टंट म्हणून नेमलं. कलकत्त्याहून मद्रास, हैदराबाद करत पोचायला जवळजवळ वर्ष लागलं. रेसिडेंट होता कर्नल बॅरी क्लोज. २५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरवर यशवंतराव होळकरांनी शिंदे-पेशव्यांच्या फौजेला मोडलं, बाजीराव वसईला पळाला, आणि ३१ डिसेंबरला वसईचा तह झाला. म्हणजे एल्फिन्स्टनने हा धंदा ज्या तहावर शिकला तो तहच पुढे १५ वर्षं त्याला चालवायचा होता.

शिंदे-भोसल्यांविरुद्धच्या १८०३ च्या मोहिमेत कंपनीचा मुत्सद्दी जॉन माल्कम आजारी पडला, आणि त्याच्या जागी एल्फिन्स्टन ऑर्थर वेलस्लीबरोबर गेला. असई, अडगाव, गाविलगड या तिन्ही ठिकाणी हजर. डिसेंबर १८०३ मध्ये भोसल्यांशी देवगावचा तह झाला, आणि २४ वर्षांच्या या पोराला नागपूरची रेसिडेन्सी मिळाली. १८०८ पर्यंत तो तिथे होता.

पुढचे दोन टप्पे, काबूलची वकिलात (१८०८–०९) आणि पुणे (१८११–१८), हे खरे. जाणकारांनी भर घालावी.

---

नवी_वाचक

उत्तम धागा. एक मूलभूत प्रश्न. रेसिडेंट रोज नेमकं काय करायचा? शाळेच्या पुस्तकात "रेसिडेंट नेमला" एवढंच असतं. आणि पेशव्यांचेही वकील इतर दरबारांत असत, मग फरक काय?

---

रुमालदप्तर

फरकापासून सुरुवात करतो. मराठी वकील हा बहुधा आपल्या धन्याचा विश्वासू कारकून किंवा सरदार. धनी सांगेल ते बोलायचं, बातमी पाठवायची, देणंघेणं तुंबलं तर तगादा लावायचा. कंपनीचा रेसिडेंट सुरुवातीला तसाच होता. १७८६ मध्ये मालेट पुण्यात आला तेव्हा आपल्या कागदांत तो इंग्रजांचा वकीलच आहे. १८०२ नंतर मात्र रेसिडेंटच्या मागे तैनाती फौज उभी राहिली आणि त्या फौजेचा खर्च पेशव्यांच्या मुलखातून निघू लागला. वकील तोच, पण आता त्याच्या हाकेला पलटणी होत्या.

रोजचं काम असं चाले.

पत्र. रेसिडेंट इंग्रजीत मसुदा करी. मुनशी त्याचं फारसी करी, कारण दरबारी पत्रव्यवहाराची भाषा फारसी. पत्र खलित्यात घालून मोहोर करून जाई. पेशव्यांकडे ते पारसनीस वाची आणि मराठीत समजावून सांगे. उत्तर याच रस्त्याने उलटं येई. म्हणजे एका वाक्याचे तीन भाषांत तीन अवतार. रागाचा शब्द मुनशीने मऊ केला किंवा पारसनिसाने तिखट केला की भांडण लागलंच. म्हणून देण्याघेण्याचा, सरहद्दीचा, गावांच्या यादीचा मामला मराठी यादीवर चाले. आकडा आणि गावाचं नाव फारसीतून गेलं की बिघडतं. एल्फिन्स्टनला फारसी चांगली येत होती, मुनशीचा मसुदा तो स्वतः तपासू शके. हे फार कमी रेसिडेंटांना जमायचं.

भेट. आधी माणूस पाठवून वेळ ठरवायची. दरबारात सगळ्यांसमोर काहीच बोलणं होत नसे, ती कुशलाची बैठक. कामाचं बोलणं नंतर आतल्या खोलीत, दोन-तीन माणसांत. अत्तर-पानाचं तबक आलं की उठायचं.

बातमी. हा सगळ्यात मोठा खर्च आणि सगळ्यात मोठी मेहनत. हरकारे आणि जासूद, शहरातले बातमीदार, दरबारातले फुटलेले कारकून, सावकार. रोजची अखबार तयार होई. तिच्यातलं महत्त्वाचं कलकत्त्याला गव्हर्नर जनरलकडे, मुंबईला, आणि हैदराबाद, नागपूर, बडोदा, शिंद्यांची छावणी इथल्या भावबंद रेसिडेंटांना नकलून जाई. हैदराबादला आलेली बातमी पुण्याच्या बातमीशी ताडून पाहता येई, ती यामुळेच. पेशव्यांचं, शिंद्यांचं, भोसल्यांचं बातमीखातं काही कमी नव्हतं. पण आपापली बातमी ते एकमेकांना देत नव्हते.

तह. कलमं आधी तोंडी घासायची, मग इंग्रजी, फारसी, मराठी मसुदे शेजारीशेजारी ठेवून जुळवायचे. रेसिडेंट स्वतःच्या सहीशिक्क्याची प्रत देई आणि गव्हर्नर जनरलच्या मंजुरीची प्रत ठरल्या मुदतीत आणून देण्याचं बांधून घेई. ती आली की पहिली परत. वसईचा तह ३१ डिसेंबर १८०२ चा, पण कलकत्त्याच्या मंजुरीची प्रत पेशव्यांच्या हाती पडली मार्च १८०३ मध्ये. अडीच महिने तह अर्धाच होता.

---

भीमथडी

रुमालदप्तर, एक माणूस राहिला. खुश्रूशेट मोदी.

हा पारशी गृहस्थ क्लोजच्या काळापासून रेसिडेन्सीचा देशी एजंट. पेशव्यांना रेसिडेंटशी काही बोलायचं तर ते मोदीमार्फत आणि रेसिडेंटचं उत्तरही मोदीमार्फत. असं एकच दार असलं की दारवान श्रीमंत होतो. बाजीरावाने त्याला कर्नाटकची सरसुभेदारी देऊन आपल्याकडेही चाकरीला लावलं. एकाच माणसाचे दोन धनी.

एल्फिन्स्टन १८११ मध्ये रेसिडेंट म्हणून आला, आणि हे दार त्याने बाजूला सारलं. पेशव्यांशी आणि त्यांचे कारभारी सदाशिव माणकेश्वर यांच्याशी थेट बोलायला लागला. मोदीला दोन्हींपैकी एक चाकरी निवड म्हणून सांगितलं. मोदीने रेसिडेन्सी निवडली, पण त्याच्याविरुद्ध तक्रारी येत गेल्या आणि शेवटी त्याला गुजराथेत पाठवायचं ठरलं. निघायच्या आधीच तो विषाने मेला. कोणी दिलं की स्वतः घेतलं याचा उलगडा झाला नाही.

माझ्या मते पुण्यात एल्फिन्स्टनने केलेली ही पहिली आणि सर्वांत परिणामकारक गोष्ट. बातमी एका तोंडातून न घेता पाच तोंडांतून घ्यायची.

---

खैबरवाट

काबूलचा भाग मी लिहितो.

कारण आधी. जुलै १८०७ मध्ये टिल्सिटला नेपोलियन आणि रशियाचा झार यांचा समेट झाला. फ्रेंच वकील इराणात होतेच. फ्रेंच फौज इराण-अफगाणिस्तानातून खुष्कीने हिंदुस्थानावर येईल ही भीती कलकत्त्याला होती. म्हणून लॉर्ड मिंटोने एकाच वेळी चहूकडे वकील धाडले. इराणात माल्कम, लाहोरला रणजितसिंगाकडे मेटकाफ, सिंधमध्ये वेगळी वकिलात, आणि काबूलच्या शहा शुजाकडे एल्फिन्स्टन, वय २९.

१३ ऑक्टोबर १८०८ ला तो दिल्लीहून निघाला. पंजाबातून सरळ रस्ता होता, पण तो रणजितसिंगाचा मुलूख, आणि तिथे मेटकाफचं बोलणं चालू. म्हणून शेखावटी, बिकानेर, बहावलपूर, मुलतान असा वाळवंटाचा वळसा घेतला. इथे हिशेब चुकला तो पाण्याचा. बिकानेरकडच्या विहिरी ३०० फुटांपर्यंत खोल, एक मोजली ती ३४५ फूट, आणि तोंड कुठे कुठे जेमतेम ३ फुटांचं. एवढ्या खोलीवरून मोटेने पाणी काढायला वेळ लागतो. विहिरीला पाणी असतं, पण शेकडो माणसं आणि जनावरं एकदम आली की ते वेळेत वर येत नाही. पाणी खारट, लोक थकलेले, आणि त्याच वाळूत पिकणारी कलिंगडं लोकांनी पोटभर खाल्ली. बिकानेरच्या मुक्कामात पहिल्या आठवड्यात काफिल्यातले ४० च्या आसपास लोक दगावले. त्यात जास्त करून नोकरचाकर होते.

फेब्रुवारी १८०९ च्या अखेरीस पेशावर. शहाचा हिवाळ्यातला दरबार तिथेच असे. त्यामुळे "काबूलची वकिलात" म्हणतात तरी एल्फिन्स्टनने काबूल शहर डोळ्यांनी पाहिलंच नाही. शहाच्या दंडावरच्या बाजूबंदात कोहिनूर पाहिल्याचं त्याने नोंदलं आहे.

आता बोलणी कुठे अडली ते पाहा. अफगाण दरबाराचा पहिला प्रश्न साधा होता. फ्रेंचांशी भांडण तुमचं, मग आम्हाला काय मिळणार? शहाला फ्रेंचांची भीती नव्हती, भीती होती सावत्र भाऊ महमूदची. त्याला हवा होता पैसा. एल्फिन्स्टनलाही मदत करावी असंच वाटत होतं. पण तोपर्यंत स्पेनमध्ये उठाव होऊन नेपोलियन तिकडे गुंतला होता, कलकत्त्याची भीती ओसरली होती, मिंटो पैसा द्यायला तयार नव्हता.

त्यातच शहाने आपली चांगली फौज वजीर अक्रमखानाबरोबर काश्मीरवर पाठवली होती, ती तिकडे बुडाली. महमूद पुढे सरकला.

तरी तह झाला. तीन कलमं. फ्रेंच आणि इराणी मिळून आले तर शहाने त्यांना वाट द्यायची नाही, त्यासाठी लागणारा खर्च कंपनीने ऐपतीप्रमाणे सोसायचा, दोघांची दोस्ती कायम आणि शहाने मुलखात फ्रेंच माणूस ठेवायचा नाही. १४ जूनला वकिलात पेशावरहून परत निघाली. महिनाअखेरीस निमल्याला शहा शुजा हरला आणि राज्यच गेलं.

---

नवी_वाचक

म्हणजे तह १७ जूनचा असं वाचलं होतं, आणि वकिलात १४ जूनला निघाली? मग सही कोणी केली?

---

खैबरवाट

बरोबर पकडलंत. १७ जून १८०९ ही मिंटोच्या मंजुरीची तारीख आहे, आणि ती झाली कलकत्त्यात. पेशावरची बोलणी आणि मसुदा त्याच्या आधीचा. वर रुमालदप्तरांनी सांगितलेला वसईसारखाच प्रकार. कलकत्त्यात मोहोर उठली तेव्हा वकील शहाचा निरोप घेऊन वाटेला लागला होता, आणि शहाच्या हाती दोन आठवड्यांचं राज्य उरलं होतं.

राजकारण म्हणून ही वकिलात वाया गेली, यात मला शंका नाही. पण पेशावरच्या मुक्कामात त्याने एक गोष्ट फार शिस्तीने केली. बरोबरच्या लोकांना विषय वाटून दिले. लेफ्टनंट मॅकार्टनीकडे भूगोल आणि नकाशा, लेफ्टनंट अर्विनकडे हवापाणी, जमीन आणि शेती, आणि स्वतःकडे राज्यकारभार आणि रीतिरिवाज. ज्या गावी जाता येत नाही तिथला व्यापारी, यात्रेकरू, शिपाई गाठायचा, एकच प्रश्न दोन-तीन वेगळ्या माणसांना विचारायचा, उत्तरं ताडायची. काबूल न पाहता काबूलच्या राज्याचं वर्णन त्याने १८१५ मध्ये छापलं, आणि ते पुढे कित्येक दशकं इंग्रजांच्या हाती मुख्य आधार म्हणून राहिलं. १८३९ मध्ये याच शहा शुजाला गादीवर बसवायला इंग्रज फौज घेऊन गेले तेव्हा म्हाताऱ्या एल्फिन्स्टनने, काबूल घ्याल, पण तिथे शुजाला टिकवणं जमणार नाही, अशा अर्थाचा इशारा दिला होता. तिथे हाल झालेला जनरल एल्फिन्स्टन वेगळा, त्याच घराण्यातला. या दोघांची गल्लत सर्रास होते.

---

भीमथडी

आता पुणे. रेसिडेन्सी मुळा-मुठेच्या संगमावर. तैनाती फौजेची मोठी तुकडी शिरूरला, एक ब्रिगेड शहराच्या पूर्वेला गारपिराजवळ. शिवाय १८१२ नंतर पेशव्यांच्या खर्चाने पण इंग्रज अंमलदाराखाली, कॅप्टन फोर्डकडे, उभी केलेली कवायती पायदळाची पलटण दापोडीला. ही दापोडीची पलटण लक्षात ठेवा. पगार पेशव्यांचा, हुकूम इंग्रजांचा.

गंगाधरशास्त्री पटवर्धन प्रकरण मुळात हिशेबाचं होतं. गायकवाडांकडून पेशव्यांना येणं किती, आणि अहमदाबादच्या इजाऱ्याचं (वसुलाच्या मक्त्याचं) काय. बडोद्याहून शास्त्री गायकवाडांचे वकील म्हणून बोलणीला आले ते इंग्रजांच्या हमीवर. म्हणजे त्यांच्या जिवाची जामीनकी कंपनीकडे. कलमं ठरेनात, महिने गेले, मग बाजीरावाने आणि त्याच्या मर्जीतल्या त्रिंबकजी डेंगळ्यांनी शास्त्र्यांना गोडीत घेतलं, पेशव्यांच्या मेहुणीशी शास्त्र्यांच्या मुलाच्या लग्नाचं बोलणं निघालं. ते लग्न शास्त्र्यांनी मोडलं, आणि दरबारात तो अपमान मानला गेला.

१८१५ च्या पावसाळ्यात पेशवे पंढरपूरला गेले, शास्त्री बरोबर. एल्फिन्स्टन त्या वेळी वेरूळची लेणी बघायला गेला होता. माझ्या मते ही त्याची पुण्यातली सर्वांत मोठी चूक. हमी दिलेला माणूस वैऱ्यांच्या मधे, आणि हमी देणारा आठ-दहा मजलांवर. २० जुलैच्या रात्री शास्त्र्यांना ताप होता, त्यांनी देवळात यायला नकार कळवला. पुन्हा निरोप आला, तेव्हा थोडी माणसं घेऊन गेले. त्रिंबकजींना भेटून, दर्शन घेऊन परतताना वाटेत मारेकऱ्यांनी गाठलं.

पुढचं काम मात्र त्याने चोख केलं. पेशव्यांवर थेट आरोप केला नाही. शास्त्र्यांच्या बरोबरचे लोक, पंढरपुरातले बातमीदार यांचे जबाब जमवले, त्रिंबकजींचं नाव पक्कं केलं, आणि पत्रात पेशव्यांना बाहेर पडायला वाट ठेवली. अपराधी चाकर आहे, तो द्या, धन्याला दोष नाही. बाजीरावाने आधी त्यांना वसंतगडावर आपल्याच कैदेत ठेवून पाहिलं. फौजा हलू लागल्या तेव्हा सप्टेंबरअखेर त्रिंबकजी इंग्रजांच्या ताब्यात आले. ठाण्याच्या किल्ल्यात रवानगी.

---

रुमालदप्तर

ठाण्याचा भाग मी पूर्ण करतो, कारण इथे चूक कशी झाली ते स्पष्ट दिसतं.

फितुरी होऊ नये म्हणून पहारा सगळा गोऱ्या शिपायांचा ठेवला. देशी शिपाई नकोत. तर्क वरवर बिनचूक. पण त्यामुळे पहाऱ्यातल्या एकालाही मराठी कळत नव्हतं. किल्ल्यातल्या एका अंमलदाराकडे एक मराठा मोतद्दार चाकरीला लागला. तो रोज धन्याचा घोडा फिरवताना त्रिंबकजींच्या खिडकीखालून गाणं म्हणत जाई, आणि सगळा बेत त्या गाण्यात असे. गोरे शिपाई ऐकत होते, त्यांना नुसता सूर कळत होता.

१२ सप्टेंबर १८१६. पाऊस, अंधार. त्रिंबकजी शौचकूपात जाण्याच्या निमित्ताने उठले, तिथून भिंतीला पाडलेल्या भोकातून तबेल्यात, डोक्यावर टोपली घेऊन मजुराच्या वेशात बाहेर. तट ओलांडला, खाडी ओलांडली, संगमनेर-नाशिकच्या डोंगरांत गेले. पुढे महादेवाच्या डोंगराकडे माणसं आणि घोडे जमू लागले.

बातमी हेच ज्याचं मुख्य हत्यार त्याच्या कैदेत भाषेचं भोक राहिलं.

---

कृष्णाकाठ

इथपर्यंत सगळं मान्य. पण एल्फिन्स्टनला फार झुकतं माप मिळतंय असं वाटतं. जून १८१७ च्या तहाबद्दल बोलू या.

मे १८१७ मध्ये त्याने पुण्याला वेढा दिला. एका महिन्यात त्रिंबकजी हजर करा, आणि तोपर्यंत तारण म्हणून सिंहगड, पुरंदर, रायगड द्या. बाजीरावाने किल्ले दिले. १३ जूनला तह. त्यातली कलमं बघा. मराठी राज्यांचं प्रमुखपण सोडा. दुसऱ्या दरबारांत वकील ठेवू नका, त्यांचे आपल्याकडे घेऊ नका, बोलायचं ते रेसिडेंटमार्फत. ५,००० स्वार आणि ३,००० पायदळाच्या खर्चासाठी ३४ लाखांच्या वसुलाचा मुलूख तोडून द्या. नगरचा किल्ला द्या. गायकवाडांवरचा सगळा दावा वर्षाला ४ लाखांवर मिटवा.

एका चाकराच्या गुन्ह्यासाठी राज्याचा गाभाच काढून घेतला. असा तह केल्यावर समोरचा लढणार नाही तर काय करील? मुत्सद्द्याचं काम लढाई टाळणं असेल तर हा तह त्यात नापास आहे.

---

रुमालदप्तर

कृष्णाकाठ, तुमचा मुद्दा खरा आहे, आणि तो टाळून चालणार नाही. कलमं मुख्यतः गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जच्या हुकमाची होती, पण ती अमलात एल्फिन्स्टनने आणली, आणि ती कडक आहेत हे त्यालाही दिसत होतं.

फक्त त्यानंतरचा ऑगस्ट जोडा. माल्कम माहुलीला बाजीरावाला भेटला. गोड बोलणं झालं, माल्कमला त्याचा विश्वास वाटला, आणि त्याच्या सल्ल्याने तिन्ही किल्ले परत दिले गेले. पेंढाऱ्यांवर जायचं म्हणून फौज वाढवायलाही मोकळीक मिळाली. एल्फिन्स्टनचं मत उलट होतं, पण तो फार अडून बसला नाही. म्हणजे तीन महिन्यांत एकाच सरकारने आधी गाभा काढला आणि मग हत्यार हातात दिलं. कडक तह चालतो, सैल तह चालतो, पण कडक तह आणि सैल अंमल ही जोडी चालत नाही. खडकी त्यातून झाली असं माझं मत.

---

कृष्णाकाठ

माहुलीचं मान्य. पण वकील ठेवण्याचा हक्क काढून घेणं हे कलम मी तरीही सर्वांत वाईट धरतो. नागपूर, शिंदे, होळकर यांच्याशी बोलण्याची उघडी वाट बंद झाली, म्हणून सगळं चोरून सुरू झालं. नागपूरला आप्पासाहेब नोव्हेंबरच्या २६-२७ ला सीताबर्डीवर लढले, खडकीनंतर तीन आठवड्यांनी. दोघे एका दिवशी उठले असते तर चित्र वेगळं दिसलं असतं.

---

भीमथडी

खडकी आता जागेच्या हिशेबाने लिहितो, कारण तिथेही निर्णय एल्फिन्स्टनचा होता.

ऑक्टोबर १८१७. जनरल स्मिथची फौज पेंढाऱ्यांच्या मोहिमेसाठी उत्तरेला. गारपिराच्या छावणीभोवती बागा, घरं, आणि त्यांच्या आडोशाने पेशव्यांचे स्वार रोज थोडे जवळ येऊन तळ टाकत होते. दक्षिणेतले जुने ओळखीचे यशवंतराव घोरपडे यांनी त्याला बेताची कल्पना दिली होती, बाळाजीपंत नातूंसारखे लोक बातमी पुरवत होतेच. तरी आपण आधी हललो तर भांडण आपण काढलं असं होईल म्हणून तो थांबला. मुंबईची गोरी पलटण ३० ऑक्टोबरला आली, आणि १ नोव्हेंबरला ब्रिगेड गारपीर सोडून खडकीला नेली. तिथे पाठीशी मुळा नदी, समोर मोकळं मैदान, दापोडीहून फोर्ड हाकेच्या अंतरावर. या एका हालचालीने लढाई निम्मी ठरली. संगमावर तो स्वतः थोड्या शिबंदीनिशी राहिला.

५ नोव्हेंबरच्या दुपारी विठोजी नाईक गायकवाड निरोप घेऊन आले. नवी गोरी पलटण परत पाठवा, देशी ब्रिगेड कमी करा, छावणी पेशवे सांगतील तिथे न्या. नकार दिला. निरोप्या परतला आणि फौज हलली. एल्फिन्स्टन संगमावरून निघून नदी ओलांडून खडकीकडे गेला, मागे रेसिडेन्सी पेटली.

आकडे. पेशव्यांकडे सुमारे १८,००० स्वार, ८,००० पायदळ, १४ तोफा. इंग्रजांकडे फोर्डसकट सुमारे २,८००, त्यात गोरे ८०० च्या आसपास. बाजीराव पर्वतीवरून बघत होता. एल्फिन्स्टनचं म्हणणं होतं की जागेवर थांबायचं नाही, पुढे चालून जायचं, कारण थांबलो तर शहरात आणि आपल्याच देशी शिपायांत घाबरलो असा अर्थ होईल. ब्रिगेडचा अंमलदार कर्नल बर याने तसंच केलं.

पेशव्यांचे सेनापती बापू गोखल्यांनी हजारो स्वारांचा लोंढा डाव्या बाजूच्या पलटणीवर सोडला. ती पलटण पेशव्यांकडच्या डी पिंटोच्या पायदळामागे धावून रांगेबाहेर गेली होती, म्हणजे क्षण अचूक निवडला होता. पण मधे दलदल. वरून हिरवं दिसणारं मैदान, आत चिखल. पुढचे घोडे रुतले, मागचे त्यांच्यावर आले, आणि त्याच वेळी समोरून बंदुकांची फैर. दलदलीची पाहणी कोणी आदल्या दिवशी केली असती तर गोखल्यांनी दुसरी वाट धरली असती. पेशव्यांकडचे मोरो दीक्षित फोर्डच्या पलटणीच्या तोफेने पडले. फोर्ड आणि ते मित्र होते, एकमेकांच्या घरच्यांना सांभाळायचं वचन दिलेले.

अंधार पडेपर्यंत संपलं. इंग्रजांचे मेलेले-जखमी ८६, पेशव्यांकडचे ५०० च्या आसपास. स्मिथ धावत परतला, १७ नोव्हेंबरला पुणं इंग्रजांच्या हाती गेलं. शहर लुटू द्यायचं नाही हा एल्फिन्स्टनचा हुकूम होता, आणि तो बहुतांशी पाळला गेला.

---

नवी_वाचक

यानंतर वकील म्हणून त्याचं काम संपलंच म्हणायचं?

---

रुमालदप्तर

जवळजवळ. डिसेंबर १८१७ मध्ये जिंकलेल्या मुलखाचा कमिशनर झाला. फेब्रुवारी १८१८ मध्ये साताऱ्याहून जाहीरनामा काढला, त्यात वतनं, इनामं, देवस्थानं चालू ठेवण्याचं वचन होतं. छत्रपतींना सातारा देऊन बसवलं, तिथे जेम्स ग्रँट हा त्याचा तरुण सहायक नेमला. गव्हर्नरीबद्दल इथे लिहीत नाही, तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे. नंतर गव्हर्नर जनरलचं पद देऊ केलं तेव्हा तब्येतीचं कारण सांगून त्याने नाकारलं. लग्न केलं नाही. २० नोव्हेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये, सरे परगण्यात हुकवूडला वारला.

एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. ५ नोव्हेंबरला संगमावर त्याचं सगळं पुस्तकालय आणि घरात असलेलं हस्तलिखित सामान जळालं. तरी पुण्याच्या वकिलातीबद्दल आज आपण तारखेनिशी बोलतो, कारण वर लिहिल्याप्रमाणे प्रत्येक महत्त्वाच्या पत्राची नक्कल कलकत्त्याला आणि मुंबईला आधीच गेलेली होती. त्या नकला टिकल्या. त्याच काळात पेशव्यांच्या बाजूचं बोलणं मात्र बरंचसं तोंडी झालं, चोरून झालं, त्यामुळे खडकीपूर्वीच्या त्या तीन महिन्यांत विश्रामबागवाड्यात आणि शुक्रवारवाड्यात काय ठरत होतं, ते आपल्याला बहुतेक एल्फिन्स्टनच्या बातमीदारांच्या कानांनीच ऐकावं लागतं.

---

कृष्णाकाठ

आणि म्हणूनच मी म्हणतो, कोणी मोडी वाचणारे असतील तर १८१७ च्या भाद्रपद ते कार्तिक या काळातले पटवर्धन, रास्ते, विंचूरकर यांच्याकडचे खासगी रुमाल (कागदांची गाठोडी) इथे उतरवावेत. दरबारातलं लिहिलं गेलं नसेल, पण शिलेदारांच्या हजेऱ्या, दाणावैरणीच्या याद्या आणि घोड्यांच्या नालबंदीचे हिशेब लिहिले गेलेच असणार. फौज किती दिवस आधी जमू लागली हे त्या याद्यांवरून कळेल.

---

भीमथडी

नालबंदीचे कागद माझ्याकडे उतरवलेले आहेत, थोडे. गावं आणि रकमा तपासून इथेच टाकतो.